लस टोचली आणि चाचणी चकली!

११ डिसेंबर २०२० रोजी ऑस्ट्रेलियातून एक चमत्कारिक बातमी आली. कोविडच्या साथीचे ते पहिले वर्ष. जगभरच्या प्रयोगशाळांत लसीसाठी रात्रीचा दिवस चालला होता. ब्रिस्बेन शहरातील क्वीन्सलँड विद्यापीठातही एक लस तयार झाली होती आणि जुलै २०२० पासून ती माणसांना टोचून पाहण्याचे काम चालू होते. या पहिल्या टप्प्यात २१६ स्वयंसेवक सहभागी झाले. कुणालाही गंभीर त्रास झाला नाही. कोरोना विषाणूला रोखणारी द्रव्येही लस घेतलेल्यांच्या रक्तात चांगली तयार झाली. ऑस्ट्रेलियन सरकारने तर या लसीच्या ५ कोटी १० लाख मात्रांची मागणी आधीच नोंदवून ठेवली होती. त्या देशाची लोकसंख्या अडीच कोटींच्या घरात. म्हणजे माणशी दोन मात्रा झाल्या!

आणि अशी ही लस त्या दिवशी चक्क सोडून देण्यात आली. लस निकामी ठरली म्हणून नव्हे, घातक ठरली म्हणूनही नव्हे. कारण अगदीच वेगळे होते. ती घेतलेल्या काही स्वयंसेवकांचे रक्त तपासले, तेव्हा एचआयव्हीची चाचणी 'होय, आहे' असे उत्तर देऊ लागली. एचआयव्ही म्हणजे एड्स या रोगाला कारण होणारा विषाणू. पण त्या स्वयंसेवकांना त्याची लागण मुळीच झालेली नव्हती. अधिक बारकाईने तपासणी केली, तेव्हा कुणाच्याही रक्तात तो विषाणू आढळला नाही.

मग चाचणीने असे उत्तर का दिले? चाचणी खोटे बोलली काय? आणि आपण घेतो त्या नेहमीच्या लसींनीही असे होऊ शकते काय? या प्रश्नांची उत्तरे शोधायची, तर आधी चाचणी नेमके काय पाहते हे समजून घेतले पाहिजे.

चाचणी विषाणू पाहत नाही!

आपल्या शरीरात परका जंतू शिरला की त्याच्यावरील काही प्रथिने आपल्या पांढऱ्या पेशी 'परकी' म्हणून ओळखतात. अशा ओळख पटवणाऱ्या पदार्थाला प्रतिजन म्हणतात. मग काही पांढऱ्या पेशी त्या प्रतिजनाला घट्ट चिकटणारी प्रथिने तयार करून रक्तात सोडतात. ती झाली प्रतिपिंडे. प्रतिपिंड आणि प्रतिजन यांचे नाते कुलूप आणि किल्ली यांच्यासारखे असते. गोवरावरचे प्रतिपिंड गोवराच्या विषाणूला चिकटेल, कावीळ करणाऱ्या विषाणूला सहसा चिकटणार नाही.

लस याच शक्तीचा उपयोग करते. मेलेला किंवा दुबळा केलेला जंतू, त्याचा एखादा तुकडा, किंवा तो तुकडा शरीरातच तयार करण्याची कृती आपण टोचतो. शरीर त्यावर प्रतिपिंडे बनवून ठेवते. खरा जंतू आला की ती तयारच असतात.

आता चाचणीकडे वळू. एचआयव्हीचा शोध १९८३ साली पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये लागला. त्याबद्दल फ्रान्स्वाज बारे-सिनुसी आणि ल्युक माँतान्ये यांना २००८ साली नोबेल पारितोषिक मिळाले. या विषाणूसाठी रक्त तपासण्याची पहिली चाचणी अमेरिकेत मार्च १९८५ मध्ये मंजूर झाली. ती 'एलायझा' या पद्धतीची होती. ही पद्धत स्टॉकहोम येथे एव्हा एंग्वाल आणि पीटर पर्लमान यांनी १९७१ साली जगापुढे मांडली होती.

एलायझाची युक्ती मोठी सुंदर आहे. प्लॅस्टिकच्या एका ताटलीत छोट्या छोट्या वाट्या असतात. वाटीच्या तळाला विषाणूची प्रथिने चिकटवून ठेवलेली असतात. तीत माणसाच्या रक्तातला रक्तरस, म्हणजे रक्त गोठल्यावर वेगळा होणारा पिवळसर द्रव, घालतात. त्यात एचआयव्हीवरची प्रतिपिंडे असतील, तर ती तळच्या प्रथिनांना चिकटून बसतात. मग वाटी धुऊन काढतात. जे चिकटले नाही ते वाहून जाते. जे चिकटले ते राहते. यानंतर मानवी प्रतिपिंडांनाच चिकटणारे दुसरे एक द्रव्य घालतात. त्याच्या शेपटीला एक विकर जोडलेले असते. पुन्हा धुतात. शेवटी एक रसायन घालतात. विकर तिथे टिकून असेल, तर त्या रसायनाला रंग येतो. रंग आला की उत्तर 'होय', रंग नाही तर 'नाही'. बोटातल्या थेंबभर रक्तावर करतात त्या झटपट पट्टीच्या चाचणीतही तत्त्व बहुतेक हेच असते. फक्त वाटीतल्या रंगाऐवजी पट्टीवर रेघ उमटते.

आता जरा थांबा आणि विचार करा. या साऱ्या खटाटोपात विषाणू कुठे दिसला? कुठेच नाही! चाचणीने फक्त एवढेच विचारले : 'या रक्तात असे काही आहे का, की जे या प्रथिनाला चिकटते?' उत्तर आले, 'आहे.' त्यावरून आपण अनुमान काढले की या माणसाच्या शरीरात एचआयव्ही शिरला असला पाहिजे. बहुतेक वेळा हे अनुमान बरोबर असते. पण अनुमान आणि प्रत्यक्ष दर्शन यांत अंतर असतेच. ओल्या अंगणात उमटलेली पावले पाहून आपण चोर आला म्हणतो. पण पावले दूधवाल्याचीही असू शकतात.

लागण झालेली नसताना चाचणीने 'होय' म्हटले, तर त्याला आपण 'खोटा होकार' म्हणू. लागण असताना 'नाही' म्हटले, तर तो 'खोटा नकार'.

चकण्याच्या तीन तऱ्हा

लस टोचून घेतल्यामुळे रक्ताची चाचणी चकते, ती मुख्यतः तीन तऱ्हांनी.

पहिली तऱ्हा अगदी सरळ आहे. चाचणी जो पदार्थ शोधते, तोच लसीत असतो. हेपटायटिस-बी या काविळीचे उदाहरण घ्या. या विषाणूच्या पृष्ठभागावर एक प्रथिन असते. रक्तदात्याचे रक्त तपासताना तेच शोधतात. आणि या काविळीची लस कशाची बनवलेली असते? यीस्ट पेशींकडून तयार करून घेतलेल्या नेमक्या त्याच प्रथिनाची! साहजिकच लस टोचल्यावर काही दिवस, फार तर १८ दिवसांपर्यंत, ते प्रथिन रक्तात सापडू शकते. अशा वेळी रक्त तपासले, तर कावीळ नसताना चाचणी 'होय' म्हणू शकते. एचआयव्हीच्या बाबतीत मात्र ही तऱ्हा संभवत नाही. कारण तुम्हाआम्हाला मिळणाऱ्या कोणत्याही लसीत एचआयव्ही नसतो, जिवंत नाही आणि मेलेलाही नाही.

दुसरी तऱ्हा गोंगाटाची आहे. लस टोचली की शरीरात एकदम धावपळ सुरू होते. पहिल्या काही दिवसांत जी प्रतिपिंडे बाहेर पडतात, त्यांना आयजीएम म्हणतात. आयजीएमच्या रेणूला पकडण्याच्या दहा जागा असतात, पण प्रत्येक जागेची पकड सैल असते. घाईघाईने कामाला लावलेल्या नवख्या पहारेकऱ्यासारखी ही प्रतिपिंडे कधीकधी भलत्यालाच हटकतात. चाचणीच्या वाटीतल्या प्रथिनालाही ती अधूनमधून चिकटतात आणि खोटा होकार उमटतो.

असा प्रकार खरोखरच घडला आहे. डिसेंबर १९९१ मध्ये अमेरिकेतील रक्तपेढ्यांना एक कोडे पडले. काही रक्तदात्यांचे रक्त एचआयव्ही, एचटीएलव्ही नावाचा दुसरा विषाणू आणि हेपटायटिस-सी यांपैकी एकाच नव्हे, तर दोन-दोन, तीन-तीन चाचण्यांत 'होय' म्हणत होते. एकाच वेळी इतक्या लागणी निरोगी माणसांना कशा होतील? चौकशी केली, तेव्हा यांपैकी अनेकांनी थोड्याच दिवसांपूर्वी इन्फ्लुएंझाची, म्हणजे फ्लूची, लस टोचून घेतल्याचे उघड झाले. पुढच्या खात्रीच्या चाचण्यांत यांतले पुष्कळ होकार खोटे ठरले. लसीनंतर तयार झालेल्या आयजीएममुळे हे घडले असावे, असा तज्ज्ञांनी निष्कर्ष काढला. हा परिणाम तात्पुरता असतो. गोंगाट ओसरला की तोही ओसरतो.

त्या काळच्या चाचण्यांत आणखी एक उणीव होती. वाटीत चिकटवायचा विषाणू मानवी पेशींत वाढवत आणि मग फोडून वापरत. त्यामुळे विषाणूच्या प्रथिनांबरोबर मानवी पेशींचे अंशही वाटीत जात. ज्यांना पूर्वी रक्त दिलेले असे, किंवा ज्या स्त्रियांची अनेक बाळंतपणे झालेली असत, त्यांच्या रक्तात परक्या मानवी पेशींविरुद्ध प्रतिपिंडे असू शकत. ती वाटीला चिकटत आणि खोटा होकार देत. आज वाटीत विषाणूची निवडक, प्रयोगशाळेत स्वतंत्रपणे बनवलेली प्रथिने वापरतात. त्यामुळे खोटे होकार पुष्कळच कमी झाले. नाहीसे मात्र झालेले नाहीत.

तिसरी तऱ्हा सर्वांत फसवी, आणि तीच क्वीन्सलँडच्या लसीची.

चिमट्याची गोष्ट

कोरोना विषाणूच्या अंगावर काटे असतात, हे तुम्ही चित्रांत पाहिलेच आहे. क्वीन्सलँडच्या शास्त्रज्ञांना लसीत हा काटाच वापरायचा होता. पण काट्याचे प्रथिन मोठे चंचल असते. विषाणूपासून वेगळे केले की ते आपला आकार बदलते. आकार बदललेल्या काट्यावर शरीराने प्रतिपिंडे बनवली, तर ती खऱ्या विषाणूच्या काट्याला नीट बसणार नाहीत. कुलूपच बदलले, तर किल्लीचा काय उपयोग?

म्हणून त्यांनी रेणूंचा एक चिमटा तयार केला. काट्याच्या बुडाशी हा चिमटा लावला की तो आपल्या मूळ आकारात घट्ट उभा राहतो. कपडे वाळत घालताना आपण लावतो तसाच हा चिमटा समजा. त्यासाठी शास्त्रज्ञांना एकमेकांना घट्ट मिठी मारणारे प्रथिनाचे तुकडे हवे होते. असे उत्तम तुकडे निसर्गात एके ठिकाणी तयारच होते : एचआयव्हीच्या 'जीपी-४१' या प्रथिनात. त्याचे दोन छोटे तुकडे त्यांनी घेतले. नुसत्या दोन तुकड्यांपासून विषाणू कधीच तयार होत नाही. सायकलच्या दोन खिळ्यांनी सायकल होत नाही, तसेच ते. त्यामुळे लसीने एचआयव्हीची लागण होण्याचा प्रश्नच नव्हता.

पण शरीराला काय ठाऊक की आपण कोणता भाग कशासाठी जोडला आहे? त्याला काटाही परका आणि चिमटाही परका. त्याने दोन्हींवर प्रतिपिंडे बनवली. आणि एचआयव्हीच्या बहुतेक प्रतिपिंड-चाचण्यांत वाटीच्या तळाशी कोणते प्रथिन असते? तेच जीपी-४१! म्हणजे इथे भलत्या प्रतिपिंडाची सैल पकड नव्हती. किल्ली खरी होती, कुलूपही खरे होते. फक्त ती किल्ली विषाणूमुळे नव्हे, तर लसीमुळे घडवली गेली होती. चाचणीने आपले काम चोख केले होते. चुकले होते ते आपले अनुमान.

असे थोडेफार होऊ शकेल याची शास्त्रज्ञांना आधीच कल्पना होती आणि त्यांनी ती स्वयंसेवकांना दिलीही होती. पण प्रत्यक्षात हा परिणाम अपेक्षेपेक्षा अधिक निघाला.

आलेख कागदावर दहा हजार माणसे

तुम्ही म्हणाल, 'एखाददुसरा खोटा होकार आला तर काय बिघडले? चाचणी बहुतेक वेळा बरोबरच असते ना!' याचे उत्तर तुमच्या दप्तरातल्या आलेख कागदावर मिळेल. चला, करूनच पाहू.

आलेख कागदावर १० सेंटिमीटर बाजूचा चौरस आखा. त्यात मिलिमीटरचे १०० गुणिले १००, म्हणजे १०,००० बारीक चौकोन आहेत. प्रत्येक चौकोन म्हणजे एक माणूस. भारतातील प्रौढांमध्ये एचआयव्ही असलेल्यांचे प्रमाण २०२३ सालच्या अंदाजानुसार सुमारे ०.२ टक्के आहे. म्हणजे दहा हजारांत २०. तेव्हा २० चौकोन लाल रंगवा.

आता समजा, आपली चाचणी खूप चांगली आहे. लागण झालेला एकही माणूस तिच्यातून निसटत नाही. आणि लागण नसलेल्या २०० माणसांत ती एकदाच चुकते. उरलेल्या ९,९८० चौकोनांना २०० ने भागा. उत्तर सुमारे ५०. तेवढे चौकोन निळे रंगवा. हे झाले खोटे होकार.

चाचणीने 'होय' म्हटलेली माणसे किती? २० लाल आणि ५० निळी, एकूण ७०. त्यांत खरी लागण झालेले फक्त २०! चाचणी दोनशेत एकदाच चुकते, तरीही तिच्या दर सात होकारांपैकी पाच खोटे निघाले. यात चाचणीचा दोष थोडा आणि अंकगणिताचा प्रताप मोठा. रोग जेवढा विरळ, तेवढे त्याचे खरे होकार खोट्या होकारांच्या गर्दीत हरवतात.

म्हणूनच एका चाचणीच्या होकारावरून कुणालाही 'तुला एचआयव्ही आहे' असे सांगायचे नसते. त्या सातांतल्या पाच माणसांच्या जागी स्वतःला कल्पून पाहा, म्हणजे या नियमाचे मोल कळेल.

तीन वेगळे साक्षीदार

मग करायचे काय? पुन्हा तपासायचे, पण वेगळ्या चाचणीने. आपल्या सत्तर जणांची दुसऱ्या प्रकारची चाचणी घ्या. तीही दोनशेत एकदा चुकते असे धरा. ५० निळ्यांपैकी आता एकही सहसा उरणार नाही, कारण ५० भागिले २०० म्हणजे पाव माणूस! २० लाल मात्र तसेच राहतील. तिसरी वेगळी चाचणी घेतली की शंकेला जागाच फारशी उरत नाही.

आपल्या देशात हीच रीत आहे. सरकारी चाचणी केंद्रात, कोणतीही लक्षणे नसलेल्या माणसाच्या बाबतीत, वेगवेगळ्या तत्त्वांवर किंवा वेगवेगळ्या प्रतिजनांवर आधारलेल्या तीन चाचण्या 'होय' म्हणाल्या, तरच निकाल 'होय' असा देतात. निकाल संदिग्ध राहिला, तर काही दिवसांनी पुन्हा रक्त घेतात.

ही सावधगिरी पहिल्यापासून पाळली गेली. भारतात एचआयव्हीची लागण प्रथम उजेडात आली ती १९८६ साली, मद्रासला, म्हणजे आजच्या चेन्नईत. डॉ. सुनीती सॉलोमन आणि त्यांची विद्यार्थिनी सेल्लप्पन निर्मला यांनी हे काम केले. डॉ. सुनीती या माहेरच्या गायतोंडे, मद्रासमध्ये स्थायिक झालेल्या महाराष्ट्रीय कुटुंबातल्या. त्यांनी गोळा केलेले नमुने वेल्लोरला एलायझाने तपासले, तेव्हा सहा नमुन्यांत होकार आला. तेवढ्यावर न थांबता नमुने अमेरिकेला पाठवून 'वेस्टर्न ब्लॉट' या दुसऱ्या पद्धतीने खात्री करून घेण्यात आली. या पद्धतीत विषाणूची प्रथिने एका पट्टीवर वेगवेगळी मांडलेली असतात. त्यामुळे रक्त नेमके कोणकोणत्या प्रथिनांना चिकटते, हे पट्ट्यापट्ट्यांनी कळते.

आता एक मर्माची गोष्ट. तीन साक्षीदारांची साक्ष केव्हा मोलाची? तिघांनी घटना स्वतंत्रपणे पाहिली असेल तर. तिघांनीही एकाच माणसाकडून ऐकलेली हकिकत सांगितली, तर ती साक्ष एकाचीच झाली. चाचण्यांचेही असेच आहे. त्या वेगवेगळ्या कारणांनी चुकत असतील, तरच एकीची चूक दुसरी पकडते.

फ्लूच्या लसीनंतरचा गोंगाट एका चाचणीला फसवील, पण वेगळ्या तऱ्हेच्या दुसऱ्या चाचणीला सहसा फसवणार नाही. क्वीन्सलँडची अडचण इथेच होती. जीपी-४१ हे प्रथिन अनेक चाचण्यांत सामाईक. म्हणजे पहिला आणि दुसरा साक्षीदार एकच खोटी हकिकत सांगू शकत होते. याला उपाय नव्हता असे नाही. वेस्टर्न ब्लॉटमध्ये विषाणूच्या इतर प्रथिनांसमोरच्या जागा कोऱ्या राहिल्या असत्या. शिवाय रक्तात विषाणूचे आरएनए, म्हणजे खुद्द त्याचे जनुकीय द्रव्यच शोधणारी चाचणी असते. तिला प्रतिपिंडांशी काही कर्तव्य नसल्यामुळे ती लसीने फसत नाही. स्वयंसेवकांची शंका अशाच अधिक तपासण्यांनी फिटली.

पण २१६ माणसांचे जमते ते अडीच कोटींचे कसे जमावे? दर रक्तदात्याची, दर गरोदर स्त्रीची तपासणी संशयास्पद ठरू लागली असती. सगळ्या देशाची चाचणीपद्धती बदलावी लागली असती. आणि खरी लागण झालेली माणसे खोट्या होकारांच्या गर्दीत हरवली असती. शिवाय साथीच्या दिवसांत लोकांचा लसीवरचा विश्वास डळमळला असता, तो तोटा वेगळाच. म्हणून विद्यापीठाने, सीएसएल ही लस बनवणारी कंपनी आणि सरकार यांच्याशी विचारविनिमय करून, पुढचे प्रयोग थांबवले. पुढे त्याच शास्त्रज्ञांनी एचआयव्हीचा अंश नसलेला दुसरा चिमटा तयार केला.

खुद्द एचआयव्हीवरच्या लसीचे प्रयोग चालतात, तिथेही हाच प्रश्न उभा राहतो. भारतातला असा पहिला मानवी प्रयोग २००५ साली पुण्यात, भोसरीच्या राष्ट्रीय एड्स संशोधन संस्थेत सुरू झाला. एचआयव्हीवर आजवर एकही लस सर्वसामान्य वापरासाठी मंजूर झालेली नाही. पण अशा प्रयोगांत भाग घेणाऱ्याच्या रक्तात लसीमुळे प्रतिपिंडे निर्माण होऊ शकतात आणि ती दीर्घकाळ टिकू शकतात. लागण नसतानाही नोकरीसाठी, विम्यासाठी, रक्तदानासाठी केलेल्या तपासणीत अशा माणसावर शिक्का बसू शकतो. दुसऱ्यांचे प्राण वाचावेत म्हणून आपला दंड पुढे करणाऱ्यांना हाही धोका पत्करावा लागतो. म्हणून त्यांना हे आधी समजावून सांगतात आणि योग्य त्या चाचण्यांची सोयही करतात.

मग आपण काय लक्षात ठेवायचे?

पहिली गोष्ट : नेहमीच्या लसींनी एचआयव्ही होत नाही. होत असती ती फार तर पहिल्या चाचणीची क्वचित होणारी, तात्पुरती फसगत. तिच्या भीतीने लस टाळणे म्हणजे पायात काटा रुतेल म्हणून शाळेची वाट सोडण्यासारखे आहे.

दुसरी गोष्ट : रक्त तपासायला किंवा द्यायला जाताना अलीकडे कोणती लस घेतली हे आपण होऊन सांगावे. रक्तपेढीच्या अर्जात हा प्रश्न विचारतात तो उगाच नव्हे.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. चाचणीत होकार आला, तर 'मागच्याच आठवड्यात लस घेतली होती, तिचाच हा परिणाम' असे म्हणून तो उडवून लावू नये. खोटा होकार ओळखण्याचा मार्ग एकच : पुढच्या चाचण्या पूर्ण करणे. तर्काने, धीराच्या शब्दांनी किंवा शेजाऱ्याच्या सल्ल्याने तो ओळखता येत नाही. लागण खरी असेल, तर ती लवकर कळण्यात मोठे हित आहे. भारतात एचआयव्हीवरची औषधे सरकारी केंद्रांत २००४ पासून मोफत मिळतात. ती नियमित घेतली तर विषाणू इतका दबतो की माणूस दीर्घ, कामाचे आयुष्य जगू शकतो. शंका पुसण्यासाठी १०९७ हा मोफत दूरध्वनी क्रमांक आहे.

आणि चौथी गोष्ट : दुसऱ्याच्या अर्धवट अहवालावरून कुजबुज करू नये. २०१७ सालच्या एचआयव्ही-एड्स कायद्याने संमतीवाचून कुणाची ही चाचणी करण्यास आणि त्याची माहिती फोडण्यास मनाई केली आहे. कायदा नसता तरी आलेख कागदावरचे ते ५० निळे चौकोन आपल्याला हेच सांगतात. लाल चौकोनांनाही सन्मानाने जगण्याचा तेवढाच हक्क आहे, हे वेगळे सांगायला नकोच.

आता तुमच्यासाठी एक गणित. आलेख कागदावर नवा चौरस आखा. या वेळी १०,००० पैकी २,००० जणांना एखाद्या रोगाची लागण झाली आहे असे माना. चाचणी तीच, दोनशेत एकदा चुकणारी. एकूण होकार किती येतील आणि त्यांतले खोटे किती? चाचणी तीच असताना तिच्या होकाराची किंमत इतकी का बदलली, याची चर्चा तुमच्या विज्ञानाच्या शिक्षकांबरोबर वर्गात करा.